घरीं लिहिलेली तबकडी परक्या यंत्रांत कां चालत नाहीं?

लग्नमुंज, शाळेचें स्नेहसंमेलन, घरच्या वडीलधाऱ्या माणसाची पंच्याहत्तरी अशा प्रसंगांचें चित्रण करून तें चकचकीत तबकडीवर उतरून घ्यावयाचें आणि तिच्या प्रती आप्तेष्टांना वांटावयाच्या, ही चाल आपल्याकडे २००० सालाच्या मागेंपुढें पडली आणि दहापंधरा वर्षें तरी चांगलीच रुजली होती. ज्याच्या संगणकावर तबकडी लिहिली, त्याच्या घरीं ती सुरेख चाले. तीच तबकडी काकांच्या घरीं नेली कीं त्यांचा डीव्हीडी प्लेअर क्षणभर घरघर करी आणि मग पडद्यावर ‘तबकडी नाहीं’ अशा अर्थाचीं अक्षरें उमटत. मग कोणी तबकडीला दोष देई, कोणी यंत्राला, कोणी कोरी तबकडी विकणाऱ्या दुकानदाराला. बाजारांतून आणलेली चित्रपटाची तबकडी मात्र त्याच यंत्रांत बिनतक्रार चाले. त्यामुळें कोडें अधिकच अवघड होई.

ह्या कोड्याचा उलगडा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कोणी म्हणेल, ‘आतां तबकड्या पाहतो कोण? त्या कपाटांत पडून आहेत.’ त्या कपाटांत पडून आहेत, हेंच ह्या विषयाकडे लक्ष देण्याचें कारण आहे. पुष्कळ घरांत आजोबांचा आवाज, आजीचें चालणेंबोलणें, एखाद्या दिवंगत आप्ताचा हंसरा चेहरा हीं केवळ अशा एखाद्या तबकडीवरच शिल्लक उरलीं आहेत. तिची दुसरी प्रत कोठेंही नाहीं. ती वाचतां आली नाहीं, तर तें सर्व गेलेंच म्हणावयाचें. म्हणून हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हे.

प्रथमच एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तबकडी ‘चालणें’ ही एकच क्रिया दिसत असली, तरी ती चार निरनिराळ्या करारांवर अवलंबून आहे. पत्राचेंच उदाहरण घ्या. पत्र वाचलें जावयाचें तर पहिल्यानें त्याची शाई डोळ्यांना दिसली पाहिजे. दुसरें, पाकिटावरील खूण ओळखून तें कोणीतरी स्वीकारलें पाहिजे. तिसरें, त्याचीं पानें अनुक्रमानें लावलेलीं असलीं पाहिजेत. आणि चौथें, त्याची भाषा वाचणाऱ्याला येत असली पाहिजे. तीन गोष्टी ठीक असून एक चुकली, तरी पत्र न वाचलेलेंच राहतें. तबकडीचें नेमकें असेंच आहे.

तबकडीची घडण

डीव्हीडी ही सीडीची धाकटी बहीण होय. सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. पुढें १९९५ सालीं जपान, युरोप व अमेरिका येथील मोठमोठ्या कंपन्यांनीं आपसांतील चढाओढ मिटवून डीव्हीडीचें एकच प्रमाण ठरविलें, आणि १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानमध्यें पहिले प्लेअर विक्रीस आले. दोन्ही तबकड्यांचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. परंतु डीव्हीडी ही प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली असते.

चित्रपटाची तबकडी कारखान्यांत सांच्यानें दाबून काढतात. तींत अतिसूक्ष्म खळग्यांची एक अखंड रेघ मध्यापासून कडेकडे वेढे घेत गेलेली असते. सीडीच्या रेघेच्या दोन शेजारच्या वेढ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असतें, तर डीव्हीडींत तें अवघें ०.७४ मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्यावरून ह्या रेघेची लांबी काढणें हें वरच्या वर्गांतील कोणाही विद्यार्थ्यास जमेल. माहिती सुमारें २४ मिलिमीटर त्रिज्येपासून ५८ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत लिहिलेली असते. त्या कंकणाकृतीचें क्षेत्रफळ सुमारें ८,७६० चौरस मिलिमीटर येतें. त्याला वेढ्यांतील अंतरानें, म्हणजे ०.०००७४ नें, भागलें कीं रेघेची लांबी मिळते. ती भरते जवळजवळ १२ किलोमीटर! बशीएवढ्या चकतीवर बारा किलोमीटरांची ही वाट प्लेअरमधील तांबडा लेझर किरण चालून जातो. त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर असते. किरण सपाट जागेवर पडला म्हणजे लख्ख परततो. खळग्यावर पडला म्हणजे मंद परततो. ह्या लख्ख-मंद फेरफारांवरून यंत्र अंक ओळखतें आणि अंकांवरून चित्र व ध्वनि उभे करतें.

पहिला करार: प्रकाशाचा

घरीं लिहिलेल्या तबकडींत खळगे नसतातच. तिच्यांत एका रंगद्रव्याचा पातळ थर आणि त्याच्या पाठीशीं धातूचा आरसा असतो. संगणकांतील लेखनयंत्राचा लेझर अधिक जोरानें तापून रंगद्रव्यावर ठिपके पाडतो. म्हणूनच ह्या क्रियेला ‘बर्न करणें’ असें नांव पडलें. वाचणाऱ्या किरणाला हे ठिपके खळग्यांसारखे भासतात. पण भासणें आणि असणें ह्यांत अंतर आहे, आणि बऱ्याचशा तक्रारींचा उगम त्या अंतरांत आहे.

एक उदाहरण पाहूं. घरीं लिहावयाच्या सीडीचें, म्हणजे सीडी-आरचें, रंगद्रव्य ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणासाठीं जुळविलेलें होतें, कारण सीडीचे प्लेअर तोच किरण वापरीत. ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण तें रंगद्रव्य बव्हंशीं गिळून टाकी. त्यामुळें आरंभींच्या ज्या डीव्हीडी प्लेअरांत एकच तांबडा लेझर होता, त्यांना घरची सीडी दिसतच नसे. कारखान्यांतील छापील सीडी मात्र तेच प्लेअर सहज वाचीत. पुढें प्लेअरांत दोन्ही तरंगलांबींची सोय झाली तेव्हां ही अडचण संपली. दोष तबकडीचाही नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. दोघांमध्यें प्रकाशाचा करारच झालेला नव्हता.

पुसून पुन्हां लिहितां येणाऱ्या, म्हणजे आरडब्ल्यू जातीच्या, तबकड्यांची गोष्ट ह्याहून मौजेची आहे. त्यांत रंगद्रव्याऐवजीं एक मिश्रधातु असतो. तो तापविण्याच्या तऱ्हेप्रमाणें कधीं स्फटिकरूप घेतो, कधीं तें सोडतो. एकेरी थराची छापील डीव्हीडी आणि एकदांच लिहितां येणारी डीव्हीडी ह्या दोन्ही आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा ४५ ते ८५ टक्के भाग परत पाठवितात. आरडब्ल्यू तबकडी केवळ १८ ते ३० टक्के परत पाठविते. आतां योगायोग असा कीं, दुहेरी थराच्या छापील तबकडीचें परावर्तनही १८ ते ३० टक्केच असतें. जुना प्लेअर तेवढ्या मंद प्रकाशावरून अशी समजूत करून घेई कीं, ‘ही दोन थरांची तबकडी दिसते’, आणि नसलेला दुसरा थर शोधीत बसे! शेवटीं तो हार खाऊन तबकडी नाकारी. तबकडी निर्दोष, यंत्रही निर्दोष. ओळख तेवढी चुकली.

दुसरा करार: नांवाचा

तबकडी दिसली, तरी ती कोणत्या जातीची आहे हें यंत्र विचारतें. प्रत्येक तबकडीच्या आंतल्या कडेस, चित्राच्या आधीं, एक लहान पट्टा असतो आणि त्यांत तिची जात नोंदलेली असते. जातीवर सगळा घोटाळा होण्याचें कारण ऐतिहासिक आहे.

१९९७ सालीं पायोनियर कंपनीनें डीव्हीडी-आर ही एकदां लिहितां येणारी तबकडी पुढें आणली, आणि डीव्हीडी फोरम ह्या कंपन्यांच्या मंडळानें तिला मान्यता दिली. परंतु त्याच मंडळांतील फिलिप्स, सोनी इत्यादि कांहीं सभासदांनीं वेगळी चूल मांडली. त्यांची पुसून लिहितां येणारी तबकडी २००१ सालीं आणि एकदांच लिहितां येणारी तबकडी २००२ सालीं बाजारांत आली. पहिल्या घराण्याच्या नांवांत उणेचें चिन्ह, दुसऱ्याच्या नांवांत अधिकाचें. म्हणून लोक एकीला ‘मायनस’ व दुसरीला ‘प्लस’ म्हणूं लागले. दोन्ही तबकड्यांचा आकार तोच, रूप तेंच, सामावणारी माहितीही तेवढीच. दुकानांत दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवलेल्या असत आणि घेणाऱ्याला चिन्हांतील फरक लक्षांतही येत नसे. जुन्या लेखनयंत्रांत मात्र एक चाले तर दुसरी चालत नसे. २००२ सालच्या अखेरीस सोनीनें दोन्ही घराण्यांच्या तबकड्या लिहिणारें यंत्र काढलें आणि मग हळूहळू सर्वांनींच तोच मार्ग धरला.

लिहिण्याचें भांडण अशा रीतीनें मिटलें. वाचण्याचें तितक्या लवकर मिटलें नाहीं. १९९८ सालीं बनलेल्या प्लेअरला २००२ सालीं जन्मलेल्या जातीचें नांव ठाऊक असणें शक्यच नव्हतें. कांहीं प्लेअर अनोळखी नांव दिसलें तरी पुढें वाचून पाहत. कांहीं दारांतूनच परत पाठवीत. ह्यावर प्लस घराण्यानें एक युक्ति योजिली. लेखनयंत्राला सांगून तबकडीच्या नोंदींत तिच्या खऱ्या जातीऐवजीं ‘छापील डीव्हीडी’ असें नांव घालतां येई. जुना प्लेअर मग तिला आंत घेई. मायनस घराण्याच्या तबकडींत ही नोंद कारखान्यांतच ठरून येत असल्यानें ती सोय सामान्यतः नसे. परंतु ती जात वयानें थोरली असल्यामुळें अधिक जुन्या यंत्रांच्या ओळखीची होती. ‘मायनस चांगली कीं प्लस चांगली?’ असा वाद त्या काळीं पुष्कळ चाले. त्याचें उत्तर तबकडीवर नव्हे, तर वाचणारें यंत्र केव्हां बनलें ह्यावर अवलंबून होतें.

तिसरा करार: मांडणीचा

तबकडी दिसली, ओळखली गेली. आतां आंत काय कोठें आहे तें यंत्रानें शोधावयाचें. येथें घरचे लेखक सर्वांत अधिक फसतात. संगणकांतील चित्राची फाईल उचलून तशीच तबकडीवर उतरवली म्हणजे डीव्हीडी झाली, असा त्यांचा समज असतो. ती झाली माहितीची तबकडी. प्लेअरला जी डीव्हीडी कळते तिची मांडणी ठरलेली आहे. तिच्यांत ‘व्हिडिओ टीएस’ नांवाची एक पेटी असते. त्या पेटींत चित्र व ध्वनि असलेल्या फाईली असतात, कोणतें प्रकरण कोठें आहे हें सांगणाऱ्या अनुक्रमणिकेच्या फाईली असतात, आणि त्या अनुक्रमणिकेची एक एक राखीव प्रतही असते. चित्राची कोणतीही एक फाईल १ गिगाबाइटहून मोठी चालत नाहीं. म्हणून लांब चित्रणाचे तुकडे पाडावे लागतात. ही मांडणी करून देणारे निराळे प्रोग्राम असतात. उदाहरणार्थ, अॅपल कंपनीनें २००१ सालीं तबकडी लिहिणाऱ्या संगणकाबरोबरच आयडीव्हीडी नांवाचा असा प्रोग्राम दिला होता.

दुसरी चूक समारोप न करण्याची. दूरचित्रवाणीशेजारीं ठेवावयाच्या रेकॉर्डरवर, किंवा तबकडी वापरणाऱ्या कॅमेऱ्यावर, चित्रण संपलें म्हणजे ‘फायनलाइज’ नांवाची आज्ञा द्यावी लागे. ह्या आज्ञेनें आरंभींचा व शेवटचा पट्टा लिहिला जाऊन ग्रंथ पुरा होतो. ती दिली नाहीं तर तबकडी ज्या यंत्रानें लिहिली त्याच यंत्राला तेवढी समजते, कारण अर्धवट काम कोठें थांबलें आहे हें त्यालाच ठाऊक असतें. परक्या यंत्राला ती कोरी किंवा बिघडलेली दिसते. ‘माझ्याकडे चालते, तुमच्याकडे चालत नाहीं’ ह्या तक्रारीचें हें एक फार साधें कारण आहे.

चौथा करार: भाषेचा

शेवटचा करार चित्राच्या भाषेचा. एका डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. संगणक हाच आंकडा ४.३८ गिगाबाइट असा दाखवितो. तो गिगाबाइट १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा धरतो, म्हणून हा भेद दिसतो, तबकडींत कांहीं कमी भरलें म्हणून नव्हे. चित्र दाबून लहान केल्यावांचून एवढ्या जागेंत चित्रपट मावणें शक्य नाहीं. दाबण्याची जी पद्धति डीव्हीडीसाठीं ठरली ती १९९४ सालीं सिद्ध झालेली एमपीईजी-२ होय. तिच्यांतही मर्यादा आहेत. चित्र, ध्वनि व उपशीर्षकें मिळून सेकंदाला १००.८ लाख बिटांहून अधिक वेग चालत नाहीं. सर्वांत अधिक वेगानें भरली तर तबकडी सुमारें ६२ मिनिटांत संपते. सेकंदाला ५० लाख बिटांच्या वेगानें भरली तर दोन तासांहून थोडी अधिक पुरते. हौसेनें ‘सर्वोत्तम प्रत’ निवडून कोणी वेग मर्यादेबाहेर नेला, तर संगणक तबकडी दाखवील, पण प्लेअर मध्येंच अडखळेल.

आज हातांतल्या फोनांत होणारें चित्रण बहुधा एच.२६४ ह्या किंवा तिच्याहून नव्या पद्धतींत असतें. एच.२६४ हें प्रमाण २००३ सालीं निघालें. त्याहून जुन्या प्लेअरला ती भाषा सर्वथा परकी आहे. फाईलीचें नांव पडद्यावर दिसेल, परंतु चित्र उमटणार नाहीं.

ह्या भाषेच्या दोन बोली आहेत, आणि परदेशीं आप्त असलेल्या मराठी कुटुंबांना त्यांचा अनुभव विशेष आला. भारतांत १९८२ सालीं रंगीत दूरदर्शन सुरू झालें तें पाल पद्धतीचें. तींत सेकंदाला २५ चित्रें असतात आणि डीव्हीडीवर प्रत्येक चित्र ५७६ ओळींचें असतें. अमेरिकेंत व जपानांत एनटीएससी पद्धत चालली. तींत सेकंदाला जवळजवळ ३० चित्रें आणि ४८० ओळी. आपल्याकडील बहुतेक प्लेअर दोन्ही बोली समजत. अमेरिकेंत विकले जाणारे पुष्कळ प्लेअर मात्र आपली एकच बोली जाणत. त्यामुळें पुण्याहून न्यू जर्सीस पाठविलेली लग्नाची तबकडी तेथील संगणकावर दिसे आणि दिवाणखान्यांतील प्लेअर ती नाकारी. अशा वेळीं लोक ‘रीजन कोड’ला दोष देत. जगाचे विभाग पाडून चित्रपटाची तबकडी ज्या त्या विभागांतच चालावी अशी ती योजना होती; भारत पांचव्या विभागांत आणि अमेरिका पहिल्या विभागांत. परंतु हें बंधन चित्रपट विकणाऱ्यांनीं आपल्या तबकड्यांवर घातलेलें असतें. घरच्या तबकडीवर तें सामान्यतः नसतेंच. तेथें खरें कारण पाल आणि एनटीएससी ह्यांतील भेद हेंच होतें.

ताळा आणि त्याचा धोका

वरील चारही करार जुळले, तरी एक गोष्ट सांगितल्यावांचून विषय पुरा होत नाहीं. बारा किलोमीटरांच्या वाटेवर धूळ, ओरखडा, रंगद्रव्याचा फिका ठिपका हीं असणारच. तरीही चित्र स्वच्छ कसें दिसतें? दुकानदार आपल्या जमाखर्चाच्या वहींत आडव्या ओळींची बेरीज करतो, उभ्या रकान्यांचीही करतो, आणि दोन्हींचा ताळा पाहून चुकलेला आंकडा हुडकून काढतो. तबकडीवरील माहितीही अशाच चौकटींत मांडलेली असते. प्रत्येक आडव्या ओळींत १७२ बाइटांना १० जादा बाइट जोडलेले असतात. प्रत्येक उभ्या रकान्यांत १९२ बाइटांना १६ जादा. ह्या जादा बाइटांच्या आधारें यंत्र चुकलेले आंकडे शोधतें, इतकेंच नव्हे तर दुरुस्तही करतें.

ही व्यवस्था मोठी उपकारक आहे, पण तिच्यांत एक धोका लपलेला आहे. वर्षानुवर्षें रंगद्रव्य फिकें होत गेलें, चुका वाढत गेल्या, तरी ताळा त्या सर्व झांकून टाकतो. पाहणाऱ्याला चित्र पूर्वींइतकेंच स्वच्छ दिसतें. मग एके दिवशीं चुका दुरुस्तीच्या मर्यादेबाहेर जातात, आणि काल चालणारी तबकडी आज एकाएकीं अडते. जुन्या ध्वनिमुद्रिकेची खरखर वाढत जाऊन ती आपल्या म्हातारपणाची सूचना देई. डीव्हीडी तशी सूचना देत नाहीं. म्हणून ‘अजून चालते आहे ना, मग घाई कशाला?’ हा विचार येथें फसवा ठरतो.

दोष कोठें आहे हें कसें ओळखावें?

इतकें समजल्यावर तबकडी अडली असतां अंदाजानें कोणालाही दोष देण्याचें कारण उरत नाहीं. प्लेअर ‘तबकडी नाहीं’ म्हणत असेल तर पहिला किंवा दुसरा करार तुटला आहे, किंवा तबकडीचा समारोप झालेला नाहीं. ती दुसऱ्या, शक्यतो नव्या, यंत्रांत घालून पाहावी. समारोप राहिला असल्यास मूळ रेकॉर्डर शोधून ती आज्ञा द्यावी. फाईलींचीं नांवें दिसतात पण चित्र येत नाहीं, असें असेल तर मांडणी किंवा भाषा चुकली आहे. संगणकावर ती तबकडी बहुधा वाचतां येईल. चित्र काळेंपांढरें दिसतें किंवा वरखालीं धांवतें, तर पाल-एनटीएससीचा संशय घ्यावा. तबकडी नीट सुरू होऊन शेवटाकडे अडखळते, तर कडेकडील भाग खराब लिहिला गेला आहे किंवा मळला आहे. कारण लिहिणें मध्यापासून कडेकडे जातें आणि तबकडीचा वांकडेपणा कडेलाच अधिक भोंवतो.

पुसण्याचीही एक रीत आहे. मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावें, गोल गोल पुसूं नये. सरळ ओरखडा रेघेच्या प्रत्येक वेढ्याचा थोडाथोडा भाग कापतो आणि ताळा तो भरून काढतो. गोल ओरखडा एकाच वेढ्याबरोबर लांबवर जातो आणि सलग माहिती नाहींशी करतो. तेवढें नुकसान भरून काढणें ताळ्याच्या शक्तीपलीकडचें असतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेनें २००३ सालीं तबकड्यांच्या जपणुकीविषयीं एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तींतही असाच सल्ला आहे. शिवाय तबकडी कडेनें धरावी, उभी ठेवावी, ऊन व उष्णता ह्यांपासून दूर ठेवावी, तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवूं नये, आणि नांव घालावयाचें तें पाण्याच्या शाईच्या मऊ लेखणीनें घालावें, असेंही तींत सांगितलें आहे. चिकटविलेल्या चिठ्ठीनें तबकडीचा तोल जातो आणि ती काढूं गेल्यास तबकडीस इजा होते.

आज काय करावें?

काळाची गति पाहतां ह्या तबकड्यांचे दिवस भरत आले आहेत. नव्या संगणकांत डीव्हीडीची खोबण बहुधा नसतेच. सोनी कंपनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत लिहितां येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन थांबविलें. वाचणारीं यंत्रें अजून मिळतात. संगणकाला यूएसबीनें जोडावयाचें डीव्हीडीचें यंत्र थोड्या किंमतींत येतें. परंतु पुढील पिढीला तीं इतक्या सुलभपणें मिळतील असें मानून चालणें शहाणपणाचें नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, ह्या सुटींत एक काम हातीं घ्या. घरांतील कपाटें उघडून हातानें नांवें घातलेल्या तबकड्या बाहेर काढा. छापील चित्रपटांचे मागाहून पाहतां येईल. ते अन्यत्र मिळतात. घरच्या तबकड्या आधीं घ्या. एक तबकडी एका यंत्रांत वाचली गेली नाहीं तर निराश न होतां दुसऱ्या, तिसऱ्या यंत्रांत घालून पाहा. प्रत्येक यंत्राची दृष्टि थोडी निराळी असते आणि एकानें नाकारलेली तबकडी दुसरें पुष्कळदां वाचतें. वाचली गेली कीं संपूर्ण पेटी संगणकावर उतरून घ्या. एक प्रत घरांत आणि एक दुसऱ्या गांवीं नातेवाइकांकडे ठेवा. प्रत्येक प्रतीबरोबर प्रसंग कोणता, साल कोणतें, चित्रांतील माणसें कोण, हें वडील मंडळींना विचारून लिहून ठेवा. चित्र उरलें आणि नांवें विसरलीं, तर अर्धा ठेवा गेलाच. नवी प्रत केल्यावर ती ज्या यंत्रावर केली त्यावरच पाहून समाधान मानूं नका; परक्या यंत्रावर सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीनही भाग पाहा.

आपल्या महाराष्ट्रांत ह्याचा एक मोठा दाखला डोळ्यांसमोर आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद टिकले, शाई टिकली. परंतु मोडी लिपि व्यवहारांतून गेली आणि ते वाचूं शकणारे थोडे राहिले. लिहिणाऱ्यांचा त्यांत कांहींच दोष नव्हता. त्यांच्या काळीं मोडी सर्वांना येत होती आणि ती पुढेंही येत राहील असें त्यांना वाटणें स्वाभाविक होतें. तबकडी लिहिणाऱ्यांनाही तसेंच वाटलें. फरक एवढाच कीं, मोडीचा कागद शिकलेल्या माणसाची दोनशें वर्षें वाट पाहूं शकला. रंगद्रव्याचा थर तितका काळ थांबेल असा भरंवसा देतां येत नाहीं.

लिहिणें दुसऱ्यासाठीं असतें. आपण लिहिलेलें आपणांस वाचतां आलें ह्यांत विशेष कांहीं नाहीं. जो आपल्याला ओळखत नाहीं, ज्याचें यंत्र निराळें आहे, जो आपल्यामागून पन्नास वर्षांनीं येणार आहे, त्याला तें वाचतां आलें म्हणजे लिहिणें पुरें झालें. तबकडी असो, निबंध असो, कीं आजोबांचें पत्र असो, ही कसोटी सर्वांना सारखीच लागू आहे.